घरचे, पाहुणे आणि पाच धावा

चंद्रपूरहून एसटीने नागपूरला निघालं की वरोरा, जाम, बुटीबोरी मागे पडतात आणि नागपूर यायच्या थोडं आधी जामठ्याच्या स्टेडियमचे दिव्यांचे मनोरे दिसू लागतात. पेंगलेला प्रवासी जागा होतो, शेजाऱ्याला म्हणतो, ‘आलं बाप्पा स्टेडियम,’ आणि वरच्या फळीवरची पिशवी काढायला उठतो. गडचिरोलीकरांच्या वाट्याला तेवढंही येत नाही. त्यांची गाडी आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत दुसऱ्याच वाटेने शहरात शिरते. प्राणहिता-गोदावरीच्या काठावरून, सिरोंच्याहून निघालेल्या माणसाचा तर नागपूर गाठेपर्यंत दिवस सरतो.

अशा दोन जिल्ह्यांतल्या माणसांनी विदर्भाच्या रणजी संघाच्या आठवणींचं पुस्तक करायचं ठरवलं, तेव्हा मला आधी हसू आलं. म्हटलं, लग्न नागपूरच्या घरी आणि अक्षता वाटायला आपण! पण लेखांचा गठ्ठा वाचून संपला तेव्हा हसू मावळलं. जामठ्याच्या मैदानात एकदाही पाऊल न ठेवलेल्या माणसांनी या संघाचा हिशेब डोळ्यांत तेल घालून ठेवलेला आहे. कोणी कोळसा खाणीच्या पाळीवर, कोणी धानाच्या बांधीवर, कोणी शाळेच्या मधल्या सुट्टीत. प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, म्हणजे पोट्ट्यांना मैदानावर पळवलं, आणि उरलेल्या वेळात धावफलक वाचले.

एखाद्या संघाच्या जुन्या हंगामांची पुस्तकं काढण्याची रीत आपल्याकडे नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या संघांची अशी पुस्तकं ढिगाने निघतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या दुपारी कोणी कोणता चेंडू सोडला, हेही तिथे लिहिलेलं सापडतं. या सवयीमागे मोठा हात हेन्री चॅडविक या बातमीदाराचा. मूळचा इंग्लंडचा, लहानपणी ब्रुकलिनला आलेला हा माणूस आधी क्रिकेटच्या बातम्या लिहीत असे. बेसबॉलकडे वळल्यावर त्याने क्रिकेटच्या गुणफलकाची शिस्त त्या खेळाला लावली आणि कोणाच्या किती धावा, कोणी कोणाला बाद केलं, हे चौकटीत मांडण्याची पद्धत रुजवली. म्हणजे हिशेब ठेवायला ते आपल्याच खेळाकडून शिकले, आणि आपण मात्र सामना संपला की वही रद्दीत देतो. या वहीची गोष्ट शेवटी पुन्हा येईल.

आता संघाविषयी. महाराष्ट्र हे एकच राज्य, पण रणजीत त्याचे तीन संघ खेळतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मुंबईचं नाव घेतलं की लोक चषक मोजतात. तो आकडा आता ४२ आहे. विदर्भाचं नाव घेतलं की २०१७ पर्यंत लोक आधी ‘म्हणजे नागपूर ना?’ असं विचारत. नागपूरला क्रिकेटचं अप्रूप नव्हतं असं मुळीच नाही. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू १८९५ मध्ये नागपुरातच जन्मले. १९६९ पासून सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर कसोटी सामने होत आले, आणि २००८ मध्ये जामठ्यावर कसोटी आली तेव्हा सौरव गांगुलीने तिथेच निरोप घेतला. दुनियेचे मोठे खेळाडू येत, खेळत आणि जात. आपण कंपाउंडच्या तारेला नाक लावून बघत होतो. घरचा संघ मात्र १९५७-५८ च्या हंगामात रणजीत उतरल्यापासून हरण्यात तरबेज झाला होता. कित्येक हंगाम त्याने दुबळ्यांच्या प्लेट गटात काढले. सामना अनिर्णित राहिला की आमच्याकडे पेढे वाटायचे बाकी असत.

या काळावर पुस्तकात फार लिहिलेलं नाही, आणि संपादकांशी माझं भांडण झालं ते यावरूनच. त्यांचं म्हणणं, हरण्याच्या आठवणी कोण वाचणार? माझं म्हणणं, ती साठ वर्षं वजा केली तर २०१८ च्या पहिल्या तारखेला माणसं का रडली, हे कळायचं नाही. शेवटी एक मधला मार्ग निघाला: पुस्तक जिंकलेल्या हंगामांचंच राहिलं, आणि साठ वर्षांची गोष्ट प्रस्तावनेच्या वाट्याला आली. म्हणून वाचकाला विनंती की पुढची पानं वाचताना हे साठ हंगाम पाठीशी असू द्यावेत.

त्या काळातला एक माणूस मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनी कोळसा खाणीत वडील कामगार. घुग्घुस, दुर्गापूर, सास्तीच्या खाण वसाहतीत वाढलेल्या कोणालाही त्याचं घर न बघताही माहीत आहे: एका रांगेतली क्वार्टरं, सकाळच्या पाळीचा भोंगा, खिडकीच्या पट्टीवर रोज पुसूनही बसणारी काळी धूळ. पोरगा पोलीस भरतीला उतरला आणि त्याचं जमलं नाही. टेनिस बॉलवर दणादण वेगात टाकायचा. लेदर बॉल हाती आला तो वयाची एकोणीस-वीस वर्षं उलटताना. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी. विदर्भाच्या संघातून कसोटीत पोचलेला हा पहिला खेळाडू. गडचिरोलीत आजही पहाटे चामोर्शी रोडने निघालात तर भरतीची तयारी करणारी पोरं रांगेने पळताना दिसतील. त्यांतल्या बहुतेकांना उमेशचे बळी सांगता येणार नाहीत, पण भरतीत नापास झालेला माणूस भारताकडून खेळला, हे पाठ आहे.

या पुस्तकाचा गाभा म्हणजे २०१७-१८ चा हंगाम. कर्णधार फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. पंडित मुंबईचे, शिस्तीला कडक. फलंदाजीत वसीम जाफर, तोही मुंबईचा, वय चाळिशीला टेकलेलं. गणेश सतीश कर्नाटकातून आलेला. क्रिकेटच्या भाषेत यांना ‘प्रोफेशनल’ म्हणतात: दुसऱ्या राज्यातून ठरावीक संख्येने घेतलेले, मोबदला घेऊन खेळणारे पाहुणे. या शब्दाला आपल्याकडे थोडा वास आहे. पैसे घेऊन खेळतो तो आपला कसा, असा प्रश्न त्याच्या पोटात असतो. जाफरने त्या हंगामात त्याचं उत्तर परस्पर देऊन टाकलं. आदल्या हंगामात दुखापतीमुळे तो खेळू शकला नव्हता, तरी संघटनेने त्याचा मोबदला दिला होता; म्हणून या वर्षी तो पैसे न घेता खेळला. पाहुणा म्हणायचं तरी कसं?

घरचेही होतेच. फजलने त्या हंगामात ९१२ धावा केल्या. संघात तीन अक्षय होते, वाडकर, वखरे आणि कर्णेवार, त्यामुळे धावफलक ऐकणाऱ्याची पंचाईत व्हायची. कर्णेवार आमच्या शेजारचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचा, दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा. त्याचे वडील एसटीचे चालक. जाफरचे वडील मुंबईत बस चालवत. एका संघात दोन ड्रायव्हरांची पोरं, एक घरचा, एक पाहुणा. हे लक्षात आलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं. आणि मग रजनीश गुरबानी, सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला नागपूरचा मध्यमगती गोलंदाज.

उपांत्यपूर्व फेरीत सुरतेला केरळचा ४१२ धावांनी धुव्वा उडाला आणि विदर्भ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. समोर कर्नाटक, मैदान कोलकात्याचं ईडन गार्डन्स. आमच्या १८५ धावा, त्यांच्या ३०१. त्यांत करुण नायरच्या एकट्याच्या १५३. दुसऱ्या डावात सतीशच्या ८१ आणि आदित्य सरवटेच्या ५५ च्या बळावर आम्ही ३१३ पर्यंत पोचलो. कर्नाटकाला हव्या होत्या १९८. चौथ्या दिवसाअखेर ते ७ बाद १११.

पाचव्या दिवशी, २१ डिसेंबरला सकाळी, मी चंद्रपूर-गडचिरोली गाडीत होतो. लोहाऱ्याच्या जंगलात शिरेपर्यंत मोबाइलवर धावा दिसत होत्या. मग रेंज गेली. चिचपल्लीला दोन मिनिटं आली: कर्नाटकाच्या विनयकुमार आणि मंडळींनी बरंच अंतर कापलेलं. पुन्हा जंगल. मागच्या सीटवरून कोणीतरी विचारलं, ‘किती झाले जी?’ आणि तेव्हा कळलं की गाडीत माझ्यासारखे आणखी चार-पाच जण आहेत. प्रत्येकाचा फोन वेगळ्या कंपनीचा. ज्याची रेंज आली त्याने ओरडून सांगायचं, असं न ठरवता ठरलं. मूलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा कोणी चहाला उतरलं नाही. त्यांना हव्या असलेल्या धावा दोन आकडी होत्या, मग एक आकडी झाल्या. गाडी सुटली आणि पडदा पुन्हा पांढरा. कंडक्टर तिकिटं मोजत होता. त्याने मान वर न करता विचारलं, ‘गेली का मॅच?’ कोणी उत्तर दिलं नाही. सावलीला पोचलो तेव्हा एका पोट्ट्याचा फोन वाजला. घरून फोन होता, त्याच्या भावाचा. तो नुसता ऐकत राहिला आणि मग म्हणाला, ‘पाच. पाच रनांनी.’ कोण जिंकलं ते सांगायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. त्याचा चेहरा बघून आम्हीच समजून घेतलं.

कर्नाटक १९२ वर सर्वबाद. त्या सकाळचे तिन्ही बळी गुरबानीचे. डावात ६८ धावांत ७, सामन्यात १२. मला विचाराल तर विदर्भाच्या क्रिकेटचा जन्म त्या पाच धावांत आहे. चषक नंतर आला. पण ‘आपण शेवटच्या क्षणी हरतो’ ही साठ वर्षांची खात्री त्या सकाळी मोडली. आणि ती मोडताना आम्ही मैदानाच्या तारेला नाक लावून उभे नव्हतो. आम्ही व्याहाडकडे जाणाऱ्या गाडीत होतो, पुढे वैनगंगेचा पूल यायचा होता. या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे त्या सकाळची अशी एकेक जागा आहे. ते लेख ओळीने वाचले तर दोन जिल्ह्यांचा नकाशाच उभा राहतो.

अंतिम सामना इंदूरला, दिल्लीविरुद्ध. ध्रुव शोरीने १४५ धावा करून दिल्लीला सावरलं आणि गुरबानीने विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि खुद्द शोरीच्या दांड्या लागोपाठ उडवल्या. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरीच हॅट्‌ट्रिक. पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांची, मुंबईविरुद्ध. दिल्ली २९५. मग यष्टिरक्षक अक्षय वाडकरने प्रथमश्रेणी कारकिर्दीतलं पहिलं शतक अंतिम सामन्यासाठी राखून ठेवल्यासारखं काढलं: १३३. विदर्भ ५४७. दिल्लीचा दुसरा डाव २८० वर आटोपला आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून रणजी विजेता झाला. लगेच मार्चमध्ये इराणी चषकात शेष भारताविरुद्ध ७ बाद ८०० वर डाव घोषित; जाफरच्या २८६.

पुढचा हंगाम अधिक अवघड होता. पहिल्या वेळी लोक ‘नशीब’ म्हणाले होते, त्यांना उत्तर द्यायचं होतं. वायनाडच्या कृष्णगिरी मैदानावर उपांत्य सामन्यात उमेशने केरळचे ४८ धावांत ७ आणि ३१ धावांत ५ गडी घेतले; सामना दोन दिवसांत संपला. जामठ्यावर अंतिम सामना सौराष्ट्राशी. आमच्या ३१२, त्यांच्या ३०७. पहिल्या डावाची आघाडी पाच धावांची. पुन्हा पाचच! दुसऱ्या डावात आम्ही २०० वर गडगडलो, पण आदित्य सरवटेच्या डावखुऱ्या फिरकीने सौराष्ट्राला १२७ वर गुंडाळलं. सामन्यात त्याचे ११ बळी, आणि त्यांत चेतेश्वर पुजाराला दोनदा: एकदा १ वर, एकदा शून्यावर. जाफरच्या हंगामात १०३७ धावा झाल्या, चाळिशीत. त्यानंतरच्या इराणी चषकात कर्णेवारने शतक ठोकलं, विदर्भ विजयी लक्ष्यापासून ११ धावा दूर असताना सामना अनिर्णित सुटला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर चषक आमच्याकडे राहिला. बक्षिसाची रक्कम संघाने पुलवाम्यातल्या शहिदांच्या कुटुंबांना दिली.

कर्णेवारचा आणखी एक दिवस पुस्तकात नुसता ओझरता आलेला आहे. त्याला मी इथे थोडी जागा देतो. नोव्हेंबर २०२१, मुश्ताक अली टी-ट्वेंटी स्पर्धा, समोर मणिपूर. चार षटकं, चारही निर्धाव, शून्य धावा, दोन बळी. टी-ट्वेंटीत आपल्या वाट्याची चारही षटकं निर्धाव टाकणारा जगातला पहिला गोलंदाज पांढरकवड्याचा निघाला. आमच्याकडे कंजूष माणसाला लोक हजार नावं ठेवतात. त्या दिवशी कंजुषीचा सत्कार झाला.

मग आली हार, आणि या पुस्तकातलं मला सगळ्यांत आवडलेलं प्रकरण हारीचंच आहे. मार्च २०२४, वानखेडे, अंतिम सामना मुंबईशी. आमचा पहिला डाव १०५ वर संपलेला. जिंकायला ५३८ हव्या होत्या. असं लक्ष्य पाहून माणूस सामान बांधतो. वाडकर, आता कर्णधार, आणि हर्ष दुबे पाचव्या दिवशी सकाळी खेळायला उतरले आणि उपाहारापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. वाडकर १०२, दुबे ६५. वाडकर ३५३ वर बाद झाला आणि उरलेले चार गडीही बघता बघता गेले. ३६८ वर सर्वबाद, १६९ धावांनी हार. आकडा सांगतो की एकतर्फी झालं. ज्यांनी ती सकाळ पाहिली ते सांगतात की दोन तास मुंबई गप्प होती.

पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, जामठ्यावर, उपांत्य फेरीत तीच मुंबई समोर आली. यश राठोडने दुसऱ्या डावात १५१ केल्या, पार्थ रेखडेने पहिल्या डावात एकाच षटकात तीन गडी टिपले आणि विदर्भ ८० धावांनी जिंकला. अंतिम सामना केरळशी. ३ बाद २४ अशी दाणादाण उडालेली असताना एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारने १५३ काढल्या. त्याला साथ होती करुण नायरची, ८६. दुसऱ्या डावात नायरच्या १३५. सामना अनिर्णित राहिला, पण रणजीच्या बाद फेरीत तसं झालं की पहिल्या डावात पुढे असलेला संघ जिंकतो. आमच्या ३७९, केरळच्या ३४२. सदतीस धावांनी, २ मार्च २०२५ रोजी, तिसरा रणजी चषक. हर्ष दुबेचे हंगामात ६९ बळी. रणजीच्या एका हंगामात इतके कोणीच घेतले नव्हते.

आता वाचकाने क्षणभर मागे जावं. करुण नायर? ईडन गार्डन्सवर आमच्याविरुद्ध १५३ करणारा तोच. चंद्रपूर-गडचिरोली गाडीत ज्याच्या नावाने आम्ही बोटं मोडत होतो, तो सात वर्षांनी विदर्भाची टोपी घालून आमच्यासाठी शतक काढत होता. आणि सलामीला कोण उतरलं होतं? ध्रुव शोरी, इंदूरला १४५ करून आमच्या आड आलेला. ज्या दोघांनी पहिल्या विजयात सर्वांत जास्त छळलं, तेच दोघे तिसऱ्या विजयात घरचे होते.

आणि समोरच्या केरळ संघात ७९ धावा करून आम्हाला घाम फोडणारा कोण? आदित्य सरवटे. २०१९ मध्ये याच मैदानावर ११ बळी घेऊन आम्हाला दुसरा चषक देणारा, अस्सल नागपूरचा. त्या हंगामात तो केरळकडून खेळत होता, आता पाहुणा म्हणून, आणि पाहुणा ज्या इमानाने खेळतो त्याच इमानाने खेळला. पुस्तकातल्या एका लेखकाने त्या डावाबद्दल रागाने लिहिलं होतं. मी त्यांना परत पाठवून विचारलं, जाफर मुंबई सोडून आला तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या ना? त्यांनी लेख बदलला. बदललेला लेख या पुस्तकातला सर्वांत चांगला लेख आहे.

घरचा कोण आणि पाहुणा कोण, हा प्रश्न आमच्या दोन जिल्ह्यांना नवा नाही. बल्लारपूरचा कागद कारखाना, चंद्रपूरचं वीज केंद्र, भद्रावतीचा आयुध कारखाना, खाणी: यांच्या वसाहतींत तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी, बंगाली बोलणारी घरं एका नळावर पाणी भरतात. सिरोंच्यात तेलुगू ही बाजाराची भाषा आहे. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व बंगालातून आलेली माणसं धान पिकवतात. या सगळ्यांच्या आधीपासून गोंड आणि माडिया इथे आहेत. त्यांच्या हिशेबाने आपण बाकीचे सगळेच पाहुणे. तेव्हा संघात कोण कुठून आला, यावर नाक मुरडणं आमच्या तोंडी शोभत नाही. जो राबतो तो घरचा, हा न्याय जंगलातल्या गावांनी आधीच लावलेला आहे. विदर्भाच्या रणजी संघाने तो खेळाच्या पानावर छापून दाखवला.

पण या न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राबायला मैदान लागतं. आमच्याकडे धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की डिसेंबरपासून टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. रात्री मंडईत झाडीपट्टीचं नाटक, दिवसा क्रिकेट. बांधीच्या धुऱ्यावर चेंडू आपटला की चौकार, पळसाच्या पलीकडे गेला की सहा. त्या बांध्यांवर मी असे पोट्टे पाहिले आहेत की ज्यांच्या हाती एकोणिसाव्या वर्षी कोणी लेदर बॉल ठेवला असता तर काय झालं असतं, हा विचार झोपेतही येतो. उमेशच्या हाती तो वेळेवर पडला, कारण खापरखेडा नागपूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. एटापल्ली नाही. संघ विदर्भाचा आहे, अकरा जिल्ह्यांचा; चषकावरही तेच नाव आहे. तो उचलणाऱ्या हातांमध्ये जंगलातल्या गावांचे हात यायचे असतील, तर टर्फची एखादी खेळपट्टी वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडेही लागेल. हे पुस्तक वाचून कोणा जबाबदार माणसाला तेवढं सुचलं, तर छपाईचा खर्च वसूल झाला म्हणायचा.

पुस्तकात उणिवाही आहेत. मुलींच्या क्रिकेटवर एकही लेख नाही. संपादक म्हणतात, आलाच नाही. मागितला होता का, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. काही लेखांत भावना धावांच्या पुढे पळते. एक-दोन ठिकाणी मी आकडे दुरुस्त केले; उरलेल्या चुका वाचकांनी कळवाव्यात.

शेवटी वहीबद्दल, कारण हा दोष माझा स्वतःचा आहे. पंचवीस-तीस वर्षं मी शाळांच्या आणि गावच्या स्पर्धांचे धावफलक लिहिले. लाल-काळ्या पुठ्ठ्याच्या लांब वह्या. प्रत्येक चेंडूला एक टिंब, प्रत्येक बळीला एक फुली. निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामं करायचं होतं आणि मी त्या रद्दीवाल्याला किलोवर देऊन टाकल्या. आज हे पुस्तक करताना मूलच्या एका अंतिम सामन्यात नऊ गडी बाद करणाऱ्या मुलाचं आडनाव मला आठवेना. चेहरा आठवतो, धाव आठवते, चेंडू टाकताना बाहेर निघणारी जीभ आठवते. आडनाव त्या वहीत होतं.

विदर्भाच्या पाच धावा कुठेही सापडतील. त्यांना हरवायची भीती नाही. हरवतात त्या आपल्या गावच्या पाच धावा. तुमच्या माळ्यावर, शाळेच्या कपाटात, ग्रामपंचायतीच्या पेटीत अशी एखादी वही असेल, तर ती रद्दीत देऊ नका. वाळवी लागायच्या आत उघडा, तारीख आणि गाव वाचता येतं का बघा, आणि या पुस्तकाच्या संपादकांना कळवा. दुसरा भाग त्या वह्यांचा करायचा आहे.